निरंक

नऊ फेब्रुवारी, रविवार. आठवड्याचे बँड धुऊन खळीत घालायचे होते. बँड म्हणजे वकिलाच्या गळ्यातले ते दोन पांढरे पट्टे. हल्ली तयार कडक मिळतात, पण मला ते टोचतात. म्हणून दर रविवारी साबुदाण्याची पातळ खळ करायची, पाच जोड त्यात बुडवायचे, सावलीत वाळवून इस्त्री करायची. खळ निवेपर्यंत उद्याची फाईल बघून टाकावी म्हणून जेवणाच्या टेबलावर घेऊन बसले. मग खळीवर साय धरली तरी उठले नाही.

फाईल महादेव नावाच्या चोवीस वर्षांच्या टेम्पोचालकाची. मूळचा माळशिरस तालुक्यातला, कामासाठी सोलापुरात भाड्याच्या खोलीत राहणारा. भवानी पेठेतल्या एका सुताच्या दुकानात भरदुपारी शिरून म्हाताऱ्या मालकाच्या डोक्यात गज घातला आणि बॅग घेऊन पळाला, असा त्याच्यावर आरोप आहे. अकरा महिने तो तुरुंगात आहे. मालक वाचले, पण त्यांना अजून नीट बोलता येत नाही. मारताना पाहणारा एकच, दुकानातला हमाल. सरकारच्या बाजूने ही केस मी चालवते.

हमालाचा जबाब फाईलमध्ये होताच. 'मारणाऱ्याचा चेहरा मी स्पष्ट पाहिला असून समोर आल्यास ओळखेन.' पान उलटताना चिमटीत जाड लागलं. मागे तसाच एक कागद, एकाच पिनेत टोचलेला. वरच्या नऊ ओळी शब्दशः त्याच. नाव, वय, धंदा, पत्ता. दुसरी प्रत असेल म्हणून कुणीही पुढे गेलं असतं. दहाव्या ओळीत मात्र होतं, 'त्याने तोंडाला उपरणे गुंडाळले होते, चेहरा दिसला नाही.' हा जबाब घटनेच्याच दिवशीचा. ओळखेन म्हणणारा तीन दिवसांनंतरचा.

प्रत्येक फाईलच्या शेवटी एक छापील यादी असते. पोलिसांनी गोळा केले, पण खटल्यात वापरायचे नाहीत, असे कागद तिच्यात लिहायचे. ती यादी आरोपीच्या वकिलाला मिळते, म्हणजे त्याला त्यातलं हवं ते मागता येतं. महादेवच्या यादीत एकच शब्द टाईप केला होता. निरंक. सरकारी मराठीत निरंक म्हणजे शून्य, काही नाही. खाली माझ्या सहीची जागा रिकामी होती.

तपास अधिकाऱ्यांना फोन लावला.

"मॅडम, रविवारीसुद्धा?"

"हमालाचे दोन जबाब आहेत."

"एकच आहे. दुसरी कॉपी असेल ती."

"कॉपी नाही. पहिल्यात चेहरा दिसला नाही म्हणतोय."

"अहो, घाबरला होता तो. अंगावर रक्त उडालेलं. तीन दिवसांनी डोकं ठिकाणावर आलं, तेव्हा नीट सांगितलं. माणूस हाच आहे मॅडम, बावीस वर्षं झाली मला नोकरीला. पहिला जबाब दिलात की त्याचा वकील नाचणार. यादीत निरंक टाकलंय, तुम्ही सही तेवढी करा."

माणूस हाच असेलही. मला माहीत नाही.

हा फोन ठेवला तोच दुसरा आला. दुकानाच्या मालकीणबाई. तारखेच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन ठरलेला आणि प्रश्नही ठरलेला. "ताई, सुटणार तर नाही ना तो?" मी फोन उचलला नाही. वाजून वाजून बंद झाला.

खळ पुन्हा गरम करायला ठेवली आणि गड्डमसरांचा विचार करत उभी राहिले. खरं तर पान जाड लागलं तेव्हाच ते आठवले होते. चिमटीची सवय त्यांची.

मी वकिली करायला लागले तेव्हा गड्डमसर सोलापूरच्या कोर्टात सरकारी वकील होते. चणीने लहान, केस चापून बसवलेले, आवाज असा की न्यायाधीशांना पुढे वाकून ऐकावं लागे. कोट कायम एका बाहीला आखूड. हात वर करून काही दाखवायला गेले की उजवं मनगट चांगलं दोन बोटं उघडं पडायचं. ज्युनियर पोरं म्हणायची, "सरांचा उजवा हात कायद्याइतका लांब आहे." सरांच्या कानावर ते जात असणार. कोट मात्र दर वर्षी तसाच यायचा.

घरी त्यांची भाषा तेलुगू. वडील मागावर चादरी विणायचे. त्यामुळे सरांना कागदसुद्धा कापडासारखा कळायचा. फाईल हातात आली की आधी वाचायचे नाहीत. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक पान अंगठा आणि तर्जनीत धरून चोळायचे. चिकटलेलं पान त्यात सापडतं, म्हणायचे. मग पेन्सिलीने प्रत्येक पानावर स्वतः नंबर घालायचे. चारशे पानांची फाईल असली तरी. मी कारकुनाला द्यायला गेले तर म्हणाले, "नको. नंबर घालणाऱ्यालाच पान दिसतं. बाकीचे नुसते वाचतात."

मी त्यांच्या हाताखाली पाच वर्षं काढली. सुखाची होती असं म्हणणार नाही. माणूस सावकाश. एका फाईलला तीन दिवस. शाबासकी द्यायची नाही असा पण केलेला. माझं चुकलं की "काय अम्मा" एवढंच म्हणायचे, आणि ते दिवसभर कानात राहायचं. चहा नेहमी अर्धा, तोसुद्धा विसरून गार झालेला. आणि फिकी झेरॉक्स दिसली की आख्खं ऑफिस वेठीला. आरोपीला द्यायची प्रत फिकी निघाली तर कुणाचं काय बिघडतं, असं एकदा मी म्हणाले.

"वाचता येत नाही तर ती दिलीच नाही," ते म्हणाले. "काळा कागद देऊन पोच घेतली, ह्याला देणं म्हणत नाहीत."

पुन्हा झेरॉक्स. पुन्हा रांग. मशीनवाल्याच्या शिव्या मी खायच्या.

एकदा एका बुटक्या माग कामगारावर मारामारीचा गुन्हा होता. त्याला मराठी बोलता येई, वाचता येत नसे. कागद हातात घेऊन तो नुसता उभा. सरांनी त्याच्या वकिलाला विचारलं, "तुम्ही वाचून दाखवलं?" वकील म्हणाले, "बघू नंतर." सरांनी तिथल्याच बाकावर त्याला शेजारी बसवून, वकिलाच्या देखत, सगळे जबाब तेलुगूत वाचून दाखवले. आपल्याच विरुद्धचे जबाब ऐकताना तो माणूस मध्येच हसला. नंतर मी विचारलं, का हसला? सर म्हणाले, "साक्षीदार त्याचा मेव्हणा आहे. त्यानं ह्याला सहा फूट उंच सांगितलंय."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. सोलापुरी चादरीला उलटी बाजू नसते. दोन्हीकडून नक्षी तीच, रंग तेवढे बदलतात. "आपली केस तशी पाहिजे. उलटी करून बघ म्हणावं, नक्षी टिकतेय का."

निरंक हा शब्द त्यांना सहन व्हायचा नाही. तेव्हा ती छापील यादी नव्हती. सर आपल्या हाताने पोलिसांना चिठ्ठी लिहायचे, 'जोडले नाहीत असे कागद कोणते?' आणि चिठ्ठी परत यायची, तिच्यावर निरंक. ते लाल पेन्सिलीने खोडायचे आणि बाजूला लिहायचे, 'कोणी पाहिले?'

"निरंक ह्या शब्दाला कर्ता नाही," ते म्हणायचे. "पाहिले, काही मिळाले नाही, असं लिहा आणि पाहणाऱ्यानं नाव घाला. मग मी मानतो."

एक हवालदार होते, बार्शीकडचे, जाडजूड आणि गमत्या स्वभावाचे. ते एकदा टेबलापुढे उभे राहून सांगत होते, "सायेब, लई शोधलं, न्हाय कुटं. निरंक."

सर म्हणाले, "खिशात काय आहे?"

"माज्या? काय न्हाय की. निरंक."

"काढा बघू."

हवालदारांनी हसत हसत खिसे उलटे केले. टेबलावर आला एक कंगवा, सुपारीची पुडी, एसटीची दोन तिकिटं, बायकोच्या औषधाची चिठ्ठी, आणि चार घड्या घातलेला एक कागद. सरांनी घडी उलगडली. तोच पंचनामा, जो दोन दिवस आख्खं पोलीस ठाणं शोधत होतं.

"आयला," हवालदार म्हणाले. "ह्यो हितं हाय व्हय!"

सर हसले नाहीत. पंचनाम्यावर पेन्सिलीने नंबर घातला आणि कंगवा परत दिला. पुढे ते हवालदार सरांच्या खोलीत शिरायच्या आधी दारातच स्वतःचे खिसे चाचपायचे.

हे सगळं ऐकायला गोड वाटतं. पण दर वेळी गोड नसायचं.

वेळापूरच्या एका बाईंचा मुलगा सोलापुरात कामाला होता. चहाच्या गाड्यावर भांडण झालं, त्याला चाकू लागला आणि दवाखान्यात तो दगावला. पोलिसांनी दोघांना धरलं. सर फाईल चोळत बसले होते. त्यांच्या लक्षात आलं की दवाखान्याच्या कागदांत पहिलं पान नाही. ते त्यांनी मागवून घेतलं. त्या पानावर डॉक्टरांनी लिहिलं होतं, जखमी शुद्धीवर आहे, मारणाऱ्यांना ओळखत नाही म्हणतो. आणि धरलेले दोघे तर त्याच्या खोलीच्या शेजारी राहणारे, रोज बघण्यातले. सरांनी त्याच दिवशी पानाची प्रत आरोपींच्या वकिलांना दिली. सहा महिन्यांनी दोघे सुटले.

निकालानंतर त्या आई बाहेरच्या व्हरांड्यात बसल्या होत्या. आमच्या कारकुनाने सरांना हळूच सांगितलं, "साहेब, मागच्या जिन्यानं जावा. बाई लई तापलीय." सरांनी फाईल माझ्याकडे दिली आणि पुढच्या दारानेच बाहेर गेले. मी मागोमाग.

बाई उठून उभ्या राहिल्या. "तुमी आमचं वकील हाय का त्येंचं?"

सर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"त्यो कागद तुमी दिला म्हनं."

"व्हय. मी दिला."

"माजं लेकरू गेलं की ओ! आन तुमी त्येंच्या हातात कागद दिला? तुमच्या घरचं कोन मेलं असतं तर दिला असता का?"

माणसं जमली. सर तिथेच उभे. बाईंनी पदर ओढला, बोट नाचवलं, कुळाचा उद्धार केला. दहा मिनिटं तरी चाललं असेल. सरांनी घड्याळ पाहिलं नाही, की समजूत घालायला गेले नाहीत. बाईंचं बोलून झाल्यावर एवढंच म्हणाले, "मारणारा अजून बाहेर आहे, मावशी."

"मग कोन धरनार त्येला? तुमी?"

सरांनी पुढे पोलिसांना पुन्हा तपास करा म्हणून पत्रं लिहिली. ती सगळी मीच टाईप केली, म्हणून सांगते. मारणारा कधीच सापडला नाही. बाई त्यानंतर कोर्टात आल्या नाहीत.

मला तेव्हा सरांचा राग आला होता. जिन्याने गेले असते तर काय झालं असतं? मी तसं विचारलंही. म्हणाले, "कागद पुढच्या दारानं दिला, अम्मा. मागच्या जिन्यानं कसं जायचं?"

ह्यानंतर सहाएक महिन्यांनी माझं चुकलं. साधी चोरीची केस, आणि घरी पाहुणे. पोलिसांनी निरंक लिहून पाठवलं होतं, मी फाईल न उघडता खाली सही केली. सरांनी ते पाहिलं. मी "काय अम्मा" ची वाट बघत बसले. ते आलंच नाही. उलट म्हणाले, "चला, कोटाचं माप द्यायचंय. तुम्ही पण चला."

भवानी पेठेत एका बोळात एक खणाचं दुकान होतं. आत एक शिलाई मशीन, एक टेबल आणि रज्जाकभाई. सरांच्याच वयाचे, दाढी पिकलेली, गळ्यात टेप.

"आओ साब. जून आला वाटतं." त्यांनी सरांना उभं केलं. "हाथ उप्पर." मग माझ्याकडे पाहिलं. "ह्या बाई नवीन? ह्यांना सांगितलं का तुम्ही?"

"नाही. तुम्हीच सांगा."

रज्जाकभाई माप घेता घेता बोलत होते. मध्येच आकडा सांगायचे, वहीत लिहायचे, पुन्हा बोलायचे. त्यामुळे गोष्ट तुकड्यातुकड्यांनी कळली.

"बाई, मी गणवेशाच्या कारखान्यात होतो. कॉलर बसवायचो. चोवीस. एका घरात घुसून बाईला मारलं, असं माझ्यावर आलं. त्या टायमाला मी कामावर. हजेरीच्या कागदावर माझी सही. तो कागद पोलीस घेऊन गेले होते. माझ्या वकिलानं कोर्टात मागितला. साब तेव्हा नवीन. उठले आणि बोलले... काय बोलले साब?"

"निरंक," सर म्हणाले. दोन्ही हात हवेत तसेच.

"हौ. निरंक. मला मराठी येतं बाई, पण हा शब्द माहीत नव्हता. जेलात एकानं अर्थ सांगितला. बोलला, म्हणजे तू होतास तिथं तू नव्हतास. साडेसतरा."

पुढचं सरांनी सांगितलं, परतीच्या वाटेवर. रज्जाकभाईंना शिक्षा झाली. दोन वर्षांनी जुन्या फायली लावताना सरांच्या हाताला एक पान जाड लागलं. पंचनाम्याच्या पाठीला हजेरीचा कागद चिकटलेला. ऑफिसात तेव्हा पाकिटं चिकटवायला खळीची वाटी ठेवलेली असे. ती सांडली असेल, किंवा कुणी मुद्दाम चिकटवला असेल. सर तो कागद घेऊन स्वतः रज्जाकभाईंच्या वकिलाकडे गेले आणि वरच्या कोर्टात लिहून दिलं की मी न पाहता नाही म्हणालो. त्यावर रज्जाकभाई सुटले. तोवर तीन वर्षं आत गेली होती. बायको अक्कलकोटला माहेरी गेली होती, ती आली नाही.

"म्हणजे पोलिसांनी लपवला," मी म्हणाले.

"असेल. पण खळ म्हणजे काय, ते आमच्या घरात शिकवावं लागत नाही. बापाच्या हाताला जन्मभर सुताची खळ. आणि मला चिकटलेलं पान कळू नये? मी बोट लावलं असतं तर कळलं असतं. मी बोटच लावलं नाही."

"माफी मागितलीत?"

"मागितली. नक्को म्हणाला. म्हणाला, कोट शिवायचा असेल तर या, मजुरी पुरी घेईन."

मग मला राहवेना. "सर, ती बाही तो मुद्दाम आखूड करतो का?"

"मी कधी विचारलं नाही."

"विचारा की."

"पंख्याखाली उभं राहिलं की मनगटाला वारं लागतं," सर म्हणाले. "बरं वाटतं."

दुसऱ्या दिवशी मी ती चोरीची फाईल पानोपान चोळून काढली. काहीही निघालं नाही. 'पाहिले, काही मिळाले नाही' असं लिहिलं आणि नाव घातलं. सरांनी ते वाचलं आणि फाईल पुढे सरकवली. शाबासकी तेव्हाही नाहीच.

सर निवृत्त झाले, मी त्याच ऑफिसात राहिले. पुढे वरून नियम आला की न वापरलेल्या कागदांची यादी आरोपीला द्यायचीच. छापील नमुना आला. मी उत्साहाने सरांच्या घरी जाऊन तो दाखवला. म्हटलं, सर, तुमची चिठ्ठी आता सरकारी झाली. त्यांनी कागद चिमटीत धरला, चोळला, उजेडाकडे धरला.

"चांगलं आहे. पण आता निरंकसुद्धा छापून येईल, अम्मा. आधी कागद नव्हता म्हणून विचारावं लागायचं. आता कागद आहे, कोण विचारतंय?"

मला ते तेव्हा म्हाताऱ्या माणसाचं कुरकुरणं वाटलं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते भवानी पेठेतच. निवृत्तीला दीड वर्ष झालं होतं. मी स्कूटरवरून चालले होते, बोळाच्या तोंडाशी एक हातगाडी आडवी आली म्हणून थांबले. आत पाहिलं तर रज्जाकभाईंच्या दुकानात सर उभे, दोन्ही हात बाजूला पसरलेले. कोर्ट संपलेल्या माणसाला काळा कोट कशाला हवा, हे मला कळेना. रज्जाकभाई डोळ्यांजवळ टेप नेऊन आकडा बघत होते. दोघेही आता वाकले होते. सरांना मी दिसले. हात खाली घेता येईनात, म्हणून त्यांनी भुवया उंचावून मला नमस्कार केला. मी हॉर्न दिला.

"हिलो नक्को साब," रज्जाकभाई म्हणाले आणि उजव्या बाहीचं माप पुन्हा एकदा घेतलं.

हातगाडी हलली. मला उशीर झाला होता, मी निघाले. महिन्याच्या आत सर गेले. तो कोट शिवून झाला का, बाही पुरली का, ह्यातलं मला काही माहीत नाही. मी विचारायला गेले नाही.

एवढं होईपर्यंत दुसऱ्यांदा गरम करायला ठेवलेली खळ उतू गेली. ओटा पुसला, बँड बुडवले, पिळले, एकमेकांना चिकटलेले सोडवून दोरीवर घातले.

दहा फेब्रुवारी, सोमवार. सकाळी इस्त्री केली आणि साडेदहाला कोर्टात पोचले. हमालाच्या दोन्ही जबाबांची पिन काढली. पहिल्यावर पेन्सिलीने वेगळा नंबर घातला आणि झेरॉक्सला दिला. प्रत फिकी आली, दुसरी काढून घेतली. यादीतलं 'निरंक' खोडलं. वर लिहिलं, 'एक. साक्षीदार हमाल यांचा घटनेच्या दिवशीचा जबाब.' खाली सही केली आणि पूर्ण नाव घातलं. तपास अधिकारी दारात उभे होते. त्यांनी यादी वाचली, "तुमची मर्जी मॅडम," म्हणाले आणि चहा न घेता गेले. महादेवचा वकील पोरसवदा आहे. त्याने दहावी ओळ दोनदा वाचली. "मॅडम, हे तुम्ही मला देताय?"

"पोच द्या," मी म्हणाले. "तारीख घाला."

न्यायाधीश यायला अजून दहा मिनिटं होती. फोन वाजला. मालकीणबाई होत्या. मी खुर्ची ओढून बसले आणि फोन उचलला.